पंगतीतला वसंत

आमच्या वऱ्हाडात पाऊस कमी पडतो, कविता कमी पडत नाही. होळीची राख निवली की अमरावती-अकोल्याकडचे झाडून सगळे कवी आंब्याकडे तोंड करून उभे राहतात. मग पाडव्यापर्यंत वसंत कधी नवरी होऊन येतो, कधी राणी होऊन येतो, कधी नुसताच लाजत येतो. इतक्या वेळा बाई होऊन येणाऱ्या या वसंताबद्दल खऱ्या बाईला काय वाटतं, हे विचारायला मात्र कोणाला सवड नसते.

मी दीपमाला. अकोल्यात जठारपेठेत आमचं हारफुलांचं दुकान आहे, आणि माहेरी-सासरी दोन्हीकडे फुलांचे मळे. त्यामुळे वसंताशी माझं नातं धंद्याचं. पाडवा जवळ आला की झेंडू चढतो, लग्नं निघाली की गुलाब चढतो, आणि ऊन चढलं की दोन्ही कोमेजतात. तरीही मी कविता लिहिते. दोन संग्रह निघालेत, दोन्ही स्वतःच्या पैशानं, आणि दोन्ही माझ्या दुकानात हारांच्या शेजारी मांडलेले असतात. माझं तोंड फटकळ आहे असं लोक म्हणतात. लोक क्वचितच खरं बोलतात, त्यातलं हे एक.

आमचं एक मंडळ आहे. दरवर्षी होळी आणि पाडव्याच्या मधल्या एका रविवारी, भातकुलीच्या अलीकडे शेषरावांच्या वावरात ते वसंत काव्य संमेलन भरवतं. अध्यक्ष खुशालराव, अमरावतीचे निवृत्त प्राचार्य. पत्रिका तेच काढतात, अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येते, वर कोकिळेचं चित्र असतं. सकाळी उद्घाटन, मग निमंत्रित कवी, दुपारी मुख्य वसंत सत्र, आणि या दोहोंच्या मध्ये एक ओळ: 'दुपारी एक ते दोन, कवयित्री संमेलन (याच वेळेत भोजन).'

तो कंस मला वर्षभर टोचतो. कारण शेषरावांच्या वावरातलं भोजन म्हणजे साधंसुधं नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि घरचं तूप. निखाऱ्यातून रोडगा निघाल्याचा वास सुटला की साक्षात सरस्वती जरी व्यासपीठावर आली तरी समोर कोणी बसणार नाही. मागच्या वर्षी मी कविता वाचली तेव्हा मांडवात माझ्यापुढे रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि ध्वनिक्षेपकवाला होता, तो स्पीकरच्या डब्याला पाठ टेकून झोपला होता. मी खुशालरावांना जाब विचारला. ते म्हणाले, "दीपमालाताई, तुमचा आवाज लाउडस्पीकरवरून पंगतीत येतोच ना. जेवताना कानावर काही गोड पडलं की अन्न अंगी लागतं."

म्हणजे आम्ही लोणचं. तोंडी लावायला.

पण माझ्या रागापेक्षा मोठी गोष्ट पार्बताबाईंची होती. पार्बताबाई म्हणजे शेषरावांची बायको, सत्तरी ओलांडलेली. शेषराव आमच्या भागातले नामांकित वसंतकवी. त्यांची एकच लांबलचक कविता आहे, तिच्यात वसंताची राणी पळसाचा लाल शालू नेसून येते, आणि दरवर्षी ते तिला एक कडवं वाढवतात. पार्बताबाईही लिहितात, आपल्या बोलीत, ओवीच्या चालीवर. मंडळ स्थापन झाल्यापासून त्या कवयित्री संमेलनात उभ्या राहतात. आधी रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करतात, मग कविता म्हणतात, मग पुन्हा नमस्कार करतात. आणि त्याच वेळी शेषराव पलीकडच्या निंबाखाली रोडगा कुस्करत असतात.

या वर्षी होळीनंतर मी फुलं घ्यायला त्या बाजूला गेले होते, तेव्हा पार्बताबाईंच्या ओसरीत टेकले. मी मंडळाच्या नावानं बोटं मोडत होते. त्या शेवया पाटावर पसरत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मले लोकायचं काई नाई, दीपमाला. टाळ्या नोको मले. पन मराच्या आंधी एक डाव ह्यायनं माही कविता आयकावं. मंग झालं."

"अहो मावशी, एका घरात राहता! घरीच म्हणून दाखवा ना."

"घरी?" त्या हसल्या. "घरी मी तोंड उघडलं की त्यायले वाटते सिलिंडर सरलं."

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षं एका ताटात जेवणारा माणूस, स्वतः कवी, आणि त्यानं बायकोची एक ओळ ऐकलेली नाही. त्याच दिवशी परतीच्या एसटीत मी आमच्या कवयित्रींच्या ग्रुपवर लिहिलं: या वर्षी आपण मांडवात जायचंच नाही.

धामणगाव रेल्वे या गावच्या प्रणालीनं लगेच विचारलं, "बहिष्कार का, ताई?" प्रणाली पोरसवदा, बँकेत काम करते, आणि तिची जीभ माझ्याहून तिखट आहे.

मी लिहिलं, "बहिष्कार घातला तर त्यांना कळणार तरी आहे का? आपण पंगतीत जायचं. वाढायला."

मग मी माझा बेत समजावून सांगितला, आणि ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

बेत साधा होता. शेषरावांच्या वावरातल्या पंगतीचा एक जुना नेम आहे. पानं वाढून झाली की कोणीतरी श्लोक म्हणतो. श्लोक संपून 'पार्वतीपते हर हर महादेव'चा गजर झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. आणि ज्यानं श्लोक धरला त्यानंच तो सोडायचा, दुसऱ्यानं मध्ये तोडायचा नाही. श्लोक तोडला तर अन्नाचा अपमान होतो असं सगळे मानतात. आता श्लोक केवढा असावा, हे काही कोणी ठरवून ठेवलेलं नाही.

रविवार उजाडला. सकाळची सत्रं रीतसर रटाळ झाली. एक वाजता खुशालरावांनी माईकवर सांगितलं, "आता पुरुष मंडळींनी भोजनाला चलावं, आणि भगिनींनी कवितेला." पुरुष उठले. आम्ही पण उठलो, पदर खोचले, आणि सरळ निंबाखाली जाऊन वरणाच्या बादल्या उचलल्या.

खुशालराव पानावर बसता बसता थबकले. मला वाटलं, ओळखलं यांनी. पण कसलं काय! त्यांचा चेहरा फुलला. "व्वा! या वर्षी साक्षात अन्नपूर्णा वाढणार! बघा मंडळी, कवितेपेक्षा सेवा मोठी मानणारी ही आमची वऱ्हाडची स्त्री!"

मंडळींनी माना डोलावल्या. चार जणांनी फोटो काढले. मी गोड हसले. मी गोड हसले की माझा नवरा दुकानाच्या मागच्या खोलीत जातो, पण तो तिथे नव्हता, त्यामुळे त्यांना सावध करणारं कोणी नव्हतं.

आम्ही वाढलं, आणि झकास वाढलं. प्रत्येक पानावर फोडलेला गरमागरम रोडगा, बाजूला वांग्याची भाजी, द्रोणात वरण. तूप तेवढं मागे ठेवलं, कारण ते पार्बताबाईंचं, घरच्या लोण्याचं, आणि ते त्याच वाढणार होत्या. शेषराव यजमान, म्हणून पंगतीच्या अगदी शेवटच्या पानावर बसले. रिवाजाप्रमाणे त्यांनी श्लोकासाठी घसा साफ केला. मी पुढे झाले.

"शेषरावकाका, आज श्लोक बाया म्हणतीन. चालन ना?"

"चालन काय, धावन!" शेषराव खूश होऊन म्हणाले. पंगतीतून 'वा वा' आलं. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. प्रणालीनं श्लोकाची चाल धरली:

"वसंतात कोकीळ गातो दुपारी
तरी नाव होते तिचे, ती बिचारी
इथे मात्र गाती खऱ्या कोकिळा ज्या
तयांना म्हणे, 'बाइ, वाढा, जरा जा!'"

चाल इतकी ओळखीची होती की निम्म्या मंडळींनी भक्तिभावानं मान हलवली. चौथ्या ओळीला दोघातिघांचे डोळे उघडले. पण तोवर प्रणाली पुढच्या कडव्यावर गेली होती, आणि तिची कडवी बरीच होती. तिचं संपतंय असं वाटलं तोच तिच्या शेजारच्या गोदाबाईंनी धरलं. गोदाबाईंनी बारा महिन्यांचं वर्णन लिहिलं होतं. वसंतावर लिहा म्हणून सांगितलं होतं, म्हणून वसंत शेवटी यावा यासाठी त्यांनी ज्येष्ठापासून सुरुवात केली.

श्रावणापर्यंत खुशालरावांनी तग धरला. पोळ्याच्या बैलांची वर्णनं चालली होती, वरणावर साय धरत होती, आणि वांग्याच्या वासानं मंडळींच्या पोटात कावळे कोकलत होते. शेवटी गोदाबाई दम घ्यायला थांबल्या तेवढ्यात त्यांनी संधी साधली आणि ओरडले, "पार्वतीपते...!"

कोणी साथ दिली नाही. साथ द्यायची सगळ्यांची इच्छा होती, हे मी पाहिलं. पण निखाऱ्यापाशी चंद्रभान उभा होता, कमरेवर हात ठेवून. शेषरावांच्या वावरातले रोडगे गेली कितीतरी वर्षं तोच भाजतो.

"सर," तो म्हणाला, "ज्यानं धरला त्यानंच सोडाचा. अठचा, ह्या वावरातला नेम हाय. माहे रोडगे थंडे होऊन राहिले, माहा जीव काय कमी जळून राहिला काय? पन नेम त नेम."

"अरे पण हा श्लोक आहे का?" खुशालराव कळवळले.

"चाल त श्लोकाचीच हाय," चंद्रभान म्हणाला.

गोदाबाई भाद्रपदात शिरल्या. एकानं हळूच रोडग्याचा कोपरा तोडून मिशीआड नेला, तर शेजाऱ्यानं त्याच्या मनगटावर चापट मारली. स्वतःला खाता येत नसलं की माणूस नेमाचा फार कडक होतो. मला तर इतका आनंद झाला होता की बादली हातात धरून नाचावंसं वाटत होतं. इतकी वर्षं रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं, आज एवढी तोंडं समोर, आणि एकालाही उठता येत नाही, खाता येत नाही, घड्याळ पाहायची सोय नाही, कारण हात जोडलेले!

क्रम मीच लावला होता. गोदाबाईंनंतर पार्बताबाई, आणि सगळ्यात शेवटी मी. शेवटी म्हणजे मानाची जागा. माझी नवी कविता चौदा कडव्यांची होती, आणि तिच्यात खुशालरावांच्या कंसावरच चार कडवी होती.

गोदाबाई एकदाच्या वसंताला पोचल्या आणि थांबल्या. श्लोक आता पार्बताबाईंकडे आला होता; मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्या तुपाचं पातेलं दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. वाळत चाललेले रोडगे पाहिले. शेवटच्या पानावर शेषराव बसले होते, हात जोडून, मान थोडी खाली घालून. मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस, जेवणाला उशीर झाला की त्यांचे हात कापतात. ते कापत होते.

"म्हणा ना, मावशी," मी कुजबुजले. "हीच वेळ आहे. आता नाही तर कधीच नाही."

"असं उपाशी ठिऊन?" त्या म्हणाल्या. "मले नाई जमत, माय. वाढलेल्या पानावर मानूस ताटकळत ठेवाचा? माही कविता त्यायले शिव्यावानी लागन."

"लागू दे ना लागली तर!"

पण पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात गजर केला, "पार्वतीपते, हर हर महादेव!"

अख्ख्या पंगतीनं असा 'महादेव' केला की निंबावरचे पक्षी उडाले. एरवी या गजराला लोक शेषरावांना कोपरखळी मारतात, बायकोच्या नावावरून. आज कोणालाही तेवढी फुरसत नव्हती. हात सुटले, बोटं रोडग्यांत शिरली. आणि मी? मी संतापानं लाल झाले. माझी चौदा कडवी पोटातच राहिली. वर ज्या बाईसाठी मी एवढं रान उठवलं, तिनंच दार उघडून सगळ्यांना सोडून दिलं. मी मनात म्हटलं, दीपमाला, करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

पण रोडग्याचं एक आहे. तुपावाचून तो घशाखाली उतरत नाही. पहिल्याच घासाला खुशालरावांचे डोळे पांढरे झाले. "तूप!" ते कसेबसे म्हणाले. "तूप आणा!"

पार्बताबाई पातेलं घेऊन पंगतीच्या पहिल्या पानापाशी गेल्या, वाकल्या, आणि तुपाची धार सोडता सोडता, कोणाला वाटावं स्वतःशीच पुटपुटतायत, अशा आवाजात म्हणाल्या:

"वसंत येते म्हंतेत, कोन्या वाटेनं येते?"

खुशालरावांनी वर पाहिलं. तोंडात रोडगा, त्यामुळे बोलता येईना. पार्बताबाई दुसऱ्या पानावर गेल्या होत्या.

"माह्या वाटेत त बाई, गव्हाचं पोतं येते."

तिसऱ्या पानावर आंब्याला मोहर आला आणि तुम्हाला गाणं सुचलं, एवढंच आलं. चौथ्याला आलं, "मले सुचलं लोनचं, अन् मोहरीचं कुटनं." पाचवा अमरावतीचा एक समीक्षक होता, त्याच्या पानावर पळस लाल झाला आणि तुम्ही त्याला शालू म्हटलं. सहाव्याला मिळालं:

"मी म्हटलं मिर्च्यायचं वाळवन कवा घालू!"

सहावा खळखळून हसला आणि त्याला ठसका लागला. पाचवा त्याच्याकडे झुकला. "का झालं? तुले काय आलं?"

"मिर्च्या आल्या. तुले?"

"शालू. थांब, त्याच्या आंधी काय हाय, पुसतो मी याले."

आणि मग अशी गंमत झाली जी मी चौदाच काय, चाळीस कडव्यांनीही करू शकले नसते. प्रत्येकाच्या पानात तुपाबरोबर एकच ओळ पडत होती, आणि एका ओळीनं कोणाचं भागत नव्हतं. मागचा पुढच्याला विचारू लागला, पुढचा मागच्याला. आपली ओळ कधी येते म्हणून लांबच्या पानांवरची माणसं घास हातात धरून, माना वाकवून वाट पाहू लागली. कुठून तरी 'शूऽऽ' आलं. वसंत संमेलनाच्या त्या पंगतीत जेवणाचा आवाज थांबला, आणि तुपाचं पातेलं घेतलेल्या एका म्हातारीचा आवाज तेवढा उरला. तिनं दया केली होती की डाव टाकला होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं मला शेवया खायला घातल्या.

कोकिळेचं कडवं दोघा भावांच्या वाट्याला आलं. एकाला मिळालं, "कोकिळा बोलते म्हंता, कान देऊन आयकता." धाकट्याला मिळालं, "मी बोलतो तवा मातर पेपर धरून बसता." धाकट्यानं शरमून खाली पाहिलं, कारण त्याची बायको आमच्यातच होती, भाजीची बादली घेऊन, त्याच्याच समोर.

पार्बताबाई शेवटून दुसऱ्या पानावर आल्या. आवाज आता पुटपुटण्याचा राहिला नव्हता.

"एक डाव वसंता रे, माह्या ओसरीत ये."

मग शेवटचं पान. शेषरावांपुढे त्या वाकल्या. इतरांपेक्षा त्यांना तूप जरा कमीच वाढलं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. पातेलं सरळ केलं. आणि त्यांच्याकडे बघून, लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच इतकं सरळ बघत असाव्यात, त्या म्हणाल्या:

"मांगनं काई नाई माहं, बसून आयकून घे."

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

शेषराव हातात रोडग्याचा तुकडा धरून बसले होते. मोठे वसंतकवी, तीस-चाळीस कडव्यांचे धनी, पण त्यांच्या वाट्याला या कवितेची एकच ओळ आली होती. त्यांनी पंगतीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

"पार्बता," ते म्हणाले, "हे तू कवा लिवलं?"

"लय साल झाले."

"मंग मले कावून नाई आयकवलं?"

"आयकवलं ना," पार्बताबाई म्हणाल्या. "दरसाली आयकवलं. तुमी जेवून राहिले होते."

शेषरावांनी हातातला तुकडा पत्रावळीवर ठेवला, आणि बसल्या जागेवरून सरकून आपल्या शेजारी तिच्यापुरती जागा केली.